विरजण: लावायचं कसं आणि म्हणायचं कुठं

माझी सून जबलपूरची. लग्न होऊन कोल्हापूरला आली तेव्हा मराठी शिकायची तिनं स्वतःच एक पद्धत ठरवली. सकाळी चहाबरोबर पेपरातले मथळे मोठ्यानं वाचायचे आणि अडलं की मला विचारायचं. जूनमधल्या एका सकाळी मथळा होता, 'पावसामुळे क्रिकेटप्रेमींच्या आनंदावर विरजण'. मी अर्थ सांगितला, आनंद होता, त्याचा विचका झाला. तिनं वहीत लिहून घेतलं. त्याच रात्री ओटा आवरताना मी तिला सहज म्हणाले, "अगं, फ्रिजमधलं विरजण काढून ठेव जरा बाहेर." ती जागची हलली नाही. "आई, विरजण तर वाईट असतं ना? मग आपण ते फ्रिजमध्ये कशाला ठेवतो?"

मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं. वाक्प्रचाराचा अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा, हा प्रश्न किती वेळा फळ्यावर लिहिला असेन. पण सुनेचा प्रश्न वर्गात कधी कुणी विचारला नाही, आणि विचारायची गरज आहे हे मलाही सुचलं नाही. आमच्या मुलांच्या घरी संध्याकाळी विरजण लागायचं, त्यामुळे शब्द त्यांच्या कानावरून गेलेला असायचा. आता पिशवीतलं तयार दही आणणारी घरं वाढली आणि पुष्कळ मुलांना विरजण फक्त पेपरातच भेटतं, आनंदावर पडलेलं. म्हणून वस्तू आणि शब्द, दोन्ही एकत्रच सांगते. एकाशिवाय दुसरं नीट कळत नाही.

विरजण म्हणजे दुधाचं दही व्हावं म्हणून त्यात घालायचं थोडंसं दही. सुनेला मी म्हटलं, तुमच्याकडचं जामन. शेजारच्या काकू बेळगावकडच्या, त्या हेप्पु म्हणतात. गुजराती घरात मेळवण. क्रियापद विरजणे: दूध विरजतं, आपण दूध विरजतो. आणि दूध विरजून ठेवलेल्या पातेल्यालाही घरात विरजणच म्हणतात, "विरजण हलवू नको" असं ओरडून सांगतात ते त्या पातेल्याबद्दल.

आता कृती. दूध शक्यतो म्हशीचं घ्या. आमच्या कोल्हापुरात गंगावेशेच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ दूध देतात. असं धारोष्ण दूध पिणारे पितात, पण दही लावायचं तर ते आधी तापवलंच पाहिजे. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात चारच्या आसपास, म्हणून म्हशीच्या दह्याची कवडी पडते आणि गाईचं दही मऊ, थोडं सैल राहतं. सैल दह्यात दोष काही नाही, कढीला ते चांगलंच. पिशवीचं दूध घेणार असाल तर पिशवीवर फुल क्रीम लिहिलेलं बघा, त्यात निदान 6 टक्के स्निग्धांश असतो. टोन्ड दुधात 3 टक्केच, त्याचं दही लागतं पण पातळ.

दूध तापवायचं म्हणजे एक उकळी आली की लगेच खाली, असं नको. वर आलं की गॅस बारीक करा आणि आठ-दहा मिनिटं मंद आचेवर राहू द्या, अधूनमधून पळीनं ढवळा म्हणजे तळाला लागणार नाही. हे जास्तीचं तापवणं दह्याला घट्टपणा देतं. उष्णतेनं दुधातली काही प्रथिनं उलगडतात आणि दही होताना ती जाळं धरायला मदत करतात. थोडं पाणी आटतं तेही उपयोगीच. माझ्या सासूबाईंना प्रथिनं वगैरे माहीत नव्हती, पण "दूध मुरवून तापव" म्हणायच्या.

मग दूध निवू द्यायचं. सगळी गंमत इथं आहे आणि सगळ्या चुकाही इथंच होतात. करंगळी दुधात बुडवा आणि मनात दहापर्यंत आकडे मोजा. बोट न काढता दहा झाले, आणि तरी दुधाची ऊब जाणवत राहिली, तर विरजण लावायची वेळ झाली. तीन-चारलाच बोट काढावं लागलं तर थांबा. ऊब जाणवतच नसेल तर दूध परत जरा कोमट करा. सुनेला बोटावर भरवसा नव्हता, तिनं थर्मामीटर आणला. तिच्या थर्मामीटरवर माझ्या बोटाचं दूध 42 अंश भरलं. 40 ते 45 च्या दरम्यान ठेवायचं, एवढं तिनं वहीत लिहिलं.

का, तेही सांगते. दह्यात जिवंत जिवाणू असतात, लॅक्टोबॅसिलस आणि स्ट्रेप्टोकॉकस जातीचे. ते दुधातली साखर खातात आणि तिचं आम्ल करतात. आम्ल वाढत वाढत सामू, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा (pH), 4.6 च्या आसपास उतरला की दुधातलं केसिन नावाचं प्रथिन एकमेकाला धरतं आणि पातेलंभर दूध बसतं. दूध कढत असेल तर हे जिवाणू मरतात, गार असेल तर सुस्त पडून राहतात. म्हणून विरजणाला गरम नको, गार नको, कोमटच लागतं. हा 'कोमट' पुढे वाक्प्रचारात कामाला येणार आहे, ध्यानात ठेवा.

अर्ध्या लिटर दुधाला उन्हाळ्यात चहाचा एक लहान चमचा विरजण पुरतं, थंडीत दोन. जास्त घातलं की लवकर लागेल असं वाटतं, पण तसं दही आंबट होतं आणि त्याला पाणी सुटतं. विरजण आधी वाटीत घोटून घ्या, त्यात दोन चमचे दूध घालून सारखं करा, मग पातेल्यात ओता आणि एकदाच तळापासून ढवळा. झाका. आणि त्यानंतर हात लावू नका. लागलं का म्हणून पातेलं तिरकं करून बघणारी माणसं प्रत्येक घरात असतात. अर्धवट धरलेलं जाळं त्या हिसक्यानं तुटतं आणि परत तसं जुळत नाही.

भांडं मातीचं, काचेचं, चिनीमातीचं किंवा स्टीलचं घ्या. मातीचं सगळ्यात चांगलं, ते जादाचं पाणी शोषून घेतं. कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात कधीही नको. दही कळकतं, म्हणजे आंबटपणा धातूला लागून चव हिरवट होते, आणि ते खाण्याजोगं राहत नाही. उन्हाळ्यात चार-सहा तासांत दही लागतं, थंडीत आठ-दहा तास धरा. डिसेंबरात मी पातेलं जुन्या शालीत गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवते. लागलं की लगेच फ्रिजमध्ये, नाहीतर जिवाणूंचं काम चालूच राहतं आणि सकाळपर्यंत दही दात आंबवतं.

आणि रोज दही काढायच्या आधी, कुणाचाही उष्टा चमचा त्यात जायच्या आधी, उद्याचं विरजण एका छोट्या वाटीत वेगळं काढायचं. आमच्याकडे हा नियम मोडायची कुणाला मुभा नाही.

आता शब्दांकडे येते, कारण सून ज्यात अडखळली ती जागा कृतीत नव्हती, क्रियापदांत होती. तिनं एकदा फोनवर कुणाला तरी सांगितलं, "दूध नासलं आणि दही झालं." ऐकून मला कसंसंच झालं. नासलेल्या दुधाचं दही होत नाही. दूध नासतं किंवा फाटतं तेव्हा पाणी वेगळं, चोथा वेगळा होतो, आणि ते आपण न ठरवता होतं. दूध विरजतं तेव्हा सगळं पातेलं एकसंध बसतं, आणि ते आपण ठरवून केलेलं असतं. नासणं आणि विरजणं यांच्यात एवढं अंतर आहे. आंबणं तिसरंच, दही जास्त वेळ बाहेर राहिलं की आंबतं. मुरणं चौथं, लोणचं मुरतं, आणि दहीसुद्धा. अर्धवट मुरलेलं, अजून गोडसर असलेलं दही म्हणजे अदमुरं. चाखायला मला तेच आवडतं. लहान मुलांना आणि आजारी माणसाला देतानाही आमच्याकडे तेच काढतात.

सगळ्यात सुरेख क्रियापद मात्र 'लागणं'. विरजण आपण लावतो आणि दही लागतं. "दही लागलं का?" "लागलं." "नाही लागलं अजून." 'जमलं' किंवा 'सेट झालं' म्हणणारे आता दिसतात, कळतं काय म्हणायचंय ते, पण घरातला शब्द लागणं. तेच दूध तापवताना तळाला करपलं तर तेव्हाही आपण म्हणतो, "दूध खाली लागलं." एकाच पातेल्यातलं एक लागणं मन आनंदवणारं आणि दुसरं घासणीनं खरवडावं लागणारं. कोणतं ते वेळेवरून कळतं, सकाळी झाकण उघडताना म्हटलं तर पहिलं, गॅसपाशी म्हटलं तर दुसरं.

मग पेपरातलं विरजण? त्याचं उत्तर मला माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानं दिलं होतं, 1984 साल. नणंदेला बघायला पाहुणे आले होते, सहा-सात माणसं. घरात दूध मोजकं, त्या चहापुरतं दीड लिटर बाजूला काढून ठेवलेलं. घाईत मी दह्याच्या पातेल्यातली पळी तशीच उचलून त्या दुधात घातली. पळीला चिकटलेलं दही चमचाभरसुद्धा नसेल. दूध अजून कोमट होतं. बैठकीत बोलणी, खायचं-प्यायचं यात दीड-दोन तास गेले आणि निघताना चहा टाकला तो समोर फाटला. दुकान लांब, उसनं दूध मागायला कुणाकडे जाणार. पाहुण्यांना कोकम सरबत दिलं. नणंदेचं तोंड उतरलं, आणि मी आत येऊन रडले. सासूबाई माझ्याजवळ आल्या. त्या हातकणंगल्याकडच्या, शाळा फारशी न शिकलेल्या. म्हणाल्या, "विरजण काय वाईट न्हाई गं. पडायचं तितं पडलं न्हाई, एवढंच."

आनंदावर विरजण पडणं म्हणजे नेमकं हे. विरजण मुळात गुणाचं, पण ज्या दुधाचा चहा व्हायचा, खीर व्हायची, बाळाच्या वाटीत जायचं, त्यात ते न सांगता पडलं की ते दूध पुन्हा दूध होत नाही. परत मागं जायची वाट नसते. थेंबभर वस्तू आणि पातेलंभर बेत गेला, हे ज्या घरांनी भोगलं त्यांनीच हा वाक्प्रचार घडवला असणार, असं मला वाटतं. आणि गार दुधात विरजण लागत नाही, तसंच गार मनावरही ते पडत नाही. ताजा, उबदार, अजून चालू असलेला आनंद लागतो.

म्हणून हा वाक्प्रचार वापरायच्या काही रीती आहेत, त्या मी सुनेला सांगितल्या. तो नेहमी '-वर' घेऊन येतो आणि पुढे मनातली उमेद असते: आनंदावर, उत्साहावर, हौसेवर, आशेवर, सहलीच्या बेतावर. माणसावर विरजण पडत नाही, "तिच्यावर विरजण पडलं" असं होत नाही. "तिच्या आनंदावर" म्हणावं लागतं. दुःखावर, रागावर, भांडणावरही नाही. भांडणावर आपण पडदा टाकतो. आपोआप झालं तर विरजण 'पडलं', कुणी केलं तर 'घातलं' किंवा 'टाकलं': पावसामुळे सहलीवर विरजण पडलं, पण काकांनी ऐनवेळी नकार देऊन सगळ्यांच्या उत्साहावर विरजण घातलं. दुसऱ्या वाक्यात आरोप आहे, तेव्हा जपून. आणि ज्यात कष्ट वाया गेले ती गोष्ट वेगळी. कापणीला आलेला ऊस पुरात गेला तर शेतकऱ्याच्या मेहनतीवर पाणी फिरलं म्हणायचं. तिथं विरजण म्हटलं तर ते फार हलकं पडतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या शहरात शिरलं, लोकांची घरं पाण्यात गेली. त्या दिवसांत कुठंतरी 'सणाच्या आनंदावर विरजण' असं वाचलं आणि मला ते सहन झालं नाही. एवढ्या मोठ्या दुःखाला स्वयंपाकघरातला शब्द पुरत नाही.

कुटुंबातले बाकीचे शब्द भराभर सांगते. संस्कृतातल्या दधिचं दही झालं, तक्राचं ताक, नवनीताचं लोणी. ताक घुसळतात, लोणी निघतं, आणि तूप कढवतात. ताजं कढवलेलं ते लोणकढं तूप, त्यावरूनच तिथल्या तिथं रचून सांगितलेल्या खोट्याला लोणकढी थाप म्हणतात. तळाशी राहते ती बेरी, ती साखर घालून खायला आमच्याकडे आजही मुलांच्या रांगा लागतात.

त्या तुपासाठी विरजण सायीलाच लावायचं. रोज सकाळी गार दुधावरची साय काढून एका डब्यात जमवायची. पहिल्याच दिवशी त्यात चमचाभर दही घालायचं आणि डबा फ्रिजमध्ये. नुसती साय जमवली तर आठवड्यात तिला वास येतो आणि तुपालाही तोच वास राहतो. सहा-सात दिवसांनी डबा रात्रभर बाहेर ठेवायचा, सायीचं घट्ट दही होतं. सकाळी घुसळायचं, उन्हाळ्यात बर्फाचं पाणी घालून, थंडीत कोमट पाण्याचा हबका देऊन. लोणी रवीपाशी गोळा झालं की दोन-तीन पाण्यांनी धुऊन मंद आचेवर ठेवायचं. कढताना तडतड आवाज येत राहतो, तो थांबला आणि बेरी तांबूस झाली की गॅस बंद. कानानं ओळखायचं, डोळ्यांपेक्षा कान आधी सांगतो.

विरजण बिघडलं तर काय? दह्याला तार सुटायला लागली, चमचा उचलला की लाळेसारखा धागा येतो, तर नको ते जिवाणू वाढलेत. ते दही टाकून द्या, पातेलं उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात ठेवा आणि दुसऱ्या घरचं विरजण आणा. घरात मुळीच विरजण नसेल तर कोमट दुधात दोन-तीन हिरव्या मिरच्या देठासकट, धुऊन, बुडवून ठेवतात. देठावर आम्ल करणारे जिवाणू असतात, दहा-बारा तासांत दूध सैलसर धरतं. ते दही खाऊ नका, ते फक्त विरजण म्हणून वापरा. त्यातून लावलेलं दुसरं दही बरं लागतं, तिसरं चांगलं. लिंबू पिळू नका, त्यानं पनीर होईल, दही नाही.

पण मिरचीपेक्षा शेजार बरा. विरजण मागण्यात कमीपणा नाही, वाटी घेऊन जा. फक्त दिवेलागणीच्या आधी. पुष्कळ घरांत दिवा लावल्यावर दूध-दही बाहेर देत नाहीत, आमच्याकडेही नाही. न मानणारे असाल तरी समोरच्याचा मान ठेवा. आणि वाटी परत करताना रिकामी देऊ नका, चार शेंगदाणे तरी घाला. माझ्या घरचं विरजण बेळगावकडच्या काकूंकडून आलेलं आहे, त्यांचं आमच्याकडून एकदा गेलेलं आहे. कुणाचं कुणाकडे हे आता सांगता यायचं नाही.

घरातून कुणी परीक्षेला, प्रवासाला, नव्या नोकरीला निघालं की हातावर दही ठेवतो, गणपती निघताना त्याच्याही हातावर. ते याच विरजणाचं. मुलाची पुण्याला बदली झाली तेव्हा मी दोघांच्या हातावर दही ठेवलं आणि सुनेच्या पिशवीत विरजणाची डबी. न्यायची रीत अशी: आदल्या रात्री स्टीलच्या छोट्या, घट्ट झाकणाच्या डबीत दोन चमचे दही भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं. निघताना ओल्या फडक्यात गुंडाळून द्यायचं. पुण्याच्या चार-पाच तासांत ते जेमतेम वितळतं. लांबचा प्रवास असेल तर स्वच्छ सुती कापड दह्यात भिजवून सावलीत कडकडीत वाळवा, घडी करून न्या. पोचल्यावर तो तुकडा कोमट दुधात बुडवा. पहिल्यांदा वेळ लागेल, पण लागेल.

तिच्या पुण्याच्या घरात पहिल्या दिवशी लागलं नाही. नवी जागा, ओट्याशी खिडकी, नोव्हेंबरचा गार वारा. मी सांगितलं पातेलं शालीत गुंडाळ, शाल नव्हती, तिनं मुलाचा स्वेटर गुंडाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन वाजला. एवढ्या लवकर फोन म्हणजे माझ्या पोटात गोळाच आला.

"आई," ती म्हणाली, "लागलं."